केळीचं पान उकळून घ्यायचं

फुला,

तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. चुलबंद नदीच्या काठावर सगळा गोतावळा उन्हात ताटकळत उभा होता. थोड्या वेळाने लोक झाडाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. तुझा जीव कशात अडकला आहे ते तिथे प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. "बाईनं शब्द द्यावा, कावळा आत्ता येते," असं तुझा चुलत दीर रामाजी मोठ्याने म्हणाला. मी काय बोलले ते पुढे सांगते. तू तिथे होतीस की नव्हतीस, मला त्यातलं कळत नाही. म्हणून लिहूनच ठेवते. शाळा चौथीपर्यंतची झाली, त्यात बसेल तेवढं.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. फार सोशिक बाई होती म्हणे. मला हसू आलं. तू सोशिक कधी होतीस? लग्नाची हळद निघायच्या आत आईने तुला धानाच्या रोवण्याला बांधीत उतरवलं. मी माहेरी आले होते, बांधावर उभी होते. चिखलातून मान वर करून तू म्हणालीस, "बाई, वरतून का पाहून राहिल्या? माहे पाय मोजता का रोपं?" आई दिवसभर बोलली नाही तुझ्याशी. मला तेव्हाच समजलं की माझ्या धाकट्या भावाला, दामूला, ठीक बायको मिळाली.

नणंद-भावजय होतो तोवर बरं होतं. आपण विहिणी झालो तिथून बिघडलं. आपल्याकडे भाच्याला मामाची पोरगी करायची यात कोणाला विचारावं लागत नाही. रंजना झाली तेव्हा बाजेवर पडल्यापडल्या तूच म्हणालीस, "घ्या बाई, तुमची सून आली." मी तिच्या पायांत चांदीचे वाळे घातले. माझा सुधाकर तेव्हा चड्डी सावरत अंगणात गोट्या खेळत होता. मोठे झाल्यावर दोघांचं लग्न लावलं. तुझं माझं दोघींचं चांगलं झालं असं आपण समजत होतो. पोरगी परक्या घरी गेली नाही, सून परक्या घरातून आली नाही.

रंजना पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला तुझ्याकडे लाखनीजवळ आली. पोरगा झाला. निरोप आला तशी मी सुधाकरच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाले. दवाखान्यात पोचले तर तू बाहेरच्या पायरीवर बसली होतीस. गूळ वाटायला आणला होता, तो पदरात तसाच होता.

"पोट्टं हाये," तू म्हणालीस. "पन त्याच्या पायाले कातडीच नाही, बाई."

मी आत जाऊन बघितलं. डावा पाय गुडघ्यापासून खाली लाल, ओला. जसं कोणी सोलून ठेवलं. बाकी अंग चांगलं दिसत होतं, डोकंभर केस. पण बाळाला नेहमीसारखं पुसून घेतलं होतं, आणि जिथे जिथे फडकं फिरलं तिथे पाण्याने भरलेले फोड उठले होते. पाठीवर एक तर लिंबाएवढा. पुसणाऱ्या बाईचा दोष नव्हता. असं पोर तिने बघितलं नव्हतं. तिथे कोणीच बघितलं नव्हतं. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई रंजनाच्या वयाच्या असतील. आजाराचं नाव इंग्रजी होतं, लांब, मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण समजावलं चांगलं. म्हणाल्या, "आजी, आपली वरची कातडी आतल्याला घट्ट बांधलेली असते. याची बांधलेलीच नाही. घासली की निघते. तोंडात आणि घशातही तसंच आहे."

"मंग औषध?" तू विचारलंस.

"बांधायचं औषध नाही. जखम होऊ द्यायची नाही आणि झालेली चिघळू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

तू विचारलंस, "अन् पोराले घ्यायचं कसं? उचलाच लागते नं?"

तिथल्या सिस्टरने दाखवलं. काखेत हात घालून उचलायचं नाही, कधीच नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, खालून, अलगद, सरकवायचं नाही. त्याहून बरं म्हणजे ज्यावर निजवलं आहे त्याच्यासकट उचलायचं. अंगाला चिकटपट्टी लावायची नाही. कपडा घातला तर उलटा, म्हणजे शिवण बाहेर राहील. फोड आला तर मोठा होऊ द्यायचा नाही, स्वच्छ सुईने खालून टोचून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची. तेल लावून चोळायचं नाही. डाळीच्या पिठाची लोई फिरवायची नाही. काजळ नाही, मनगटी नाही, करदोडा नाही. कुठे काही बांधायचं नाही.

एकेक गोष्ट ऐकून तुझं तोंड उतरत गेलं. आपल्याला पोर सांभाळण्यातलं जे जे येत होतं ते सगळं तिने नाही म्हणून सांगितलं.

शेवटी सिस्टर म्हणाली, "गादी चिकटते, चादर चिकटते. केळीचं पान चिकटत नाही. पानावर निजवा. पण पान उकळून घ्यायचं."

तिथून सोडलं तेव्हा जखमा कोरड्या व्हायला लागल्या होत्या. घरी हेच करा म्हणाल्या. तुझ्या घरी केळ नव्हती. माझ्या गावी, एकोडीच्या पुढे, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळीचं मोठं बेट आहे. मी तुझ्याच घरी मुक्काम टाकला आणि सुधाकर रोज सकाळी पानं गुंडाळून आणायचा. त्याला फाटकं पान आणलं म्हणून तू किती बोलायचीस. बापाला पोराजवळ बसायचं असायचं आणि तू त्याला पुन्हा पानाला पाठवायचीस.

मोठ्या गंजात पाणी उकळायचं, पानाची मधली जाड शीर कापून टाकायची, पान पाण्यातून काढायचं, निथळू द्यायचं, गार झालं की वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा. हे काम माझं. पोराला हात लावायचं काम तू मला करू दिलं नाहीस. माझा तळहात आपल्या गालावर एकदा घासून बघितलास आणि म्हणालीस, "बाप्पा! हे हात व्हय का कानस? तुमी पानंच उकळा."

मी उकळली. मला राग आला होता, पण तुझं बरोबर होतं.

पानं खाली ठेवताना तू म्हणायचीस, "बाई, तुमची केळ तुमच्यासारखीच. नुसते पानंच पानं. फळ कधी धरलं नाही तिनं."

मी म्हणायची, "धरते तं. पन पिकू कोन देते? वांदरं येतात नं लाखनीकडून."

"वांदरं लाखनीकडचे नाही. तुमच्या माहेरचे आसन."

"माहं माहेर लाखनीकडच हाये, येडे."

रंजना त्या पोराजवळ बसून पहिल्यांदा हसली ती यावर. टाके ओढले म्हणून पोट धरून हसली.

दूध ओढताना पोराच्या ओठाला फोड यायचे. म्हणून रंजना वाटीत दूध काढायची आणि तू ते थेंबाथेंबाने पाजायचीस. एका वाटीला किती वेळ लागायचा. तुझी मान धरायची, पण हात हलायचा नाही. सुई टोचताना तर तू श्वास घ्यायचीस की नाही कळायचं नाही. जी बाई भांडं ठेवते ते आपटून ठेवते, दार लावते ते आपटून लावते, तिचे हात असे चालतात हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. तुला हे तेव्हा सांगितलं नाही. तोंडावर चांगलं बोलायची मला सवय नाही.

धान चुरण्याचे दिवस होते. शेजारच्या खळ्यावर मशीन लागली आणि भुसा उडून पोराच्या जखमांच्या पट्ट्या धुऊन वाळत घातल्या होत्या तिथे यायला लागला. त्यातलं कुसळ पट्टीत अडकलं तर पोराचं काय झालं असतं. तू विळा हातात घेऊनच गेलीस. मशीनवाला म्हणाला, "काकू, एक दिवसाचं काम हाये." तू म्हणालीस, "तोंड तिकडं फिरव मशीनचं, नाही तं पट्टाच कापतो तुहा." त्याने फिरवलं. रात्री त्याच्या बायकोने भाजी पाठवली.

बायका बघायला यायच्या. पोर बघायचं सोडून पाय बघायच्या. एकजण म्हणाली, सापाची कात निघते तसं आहे. एकीने विचारलं, गिरहणात पोरीने काही चिरलं होतं का? तू तिला हाकललंस. पण ती गेल्यावर तू रंजनाला हळूच विचारलंस, "आठव बरं. कांदा गिंदा कापला होता का तू?" रंजना रडली. मी तुला म्हटलं, "तिले कायले इचारते? डॉक्टरीननं सांगितलं नं, जन्माआधीपासून आतच होतं." तू म्हणालीस, "आत कुठून येते पन?" तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पाचवी नागपूरलाच निघून गेली होती, ती घरी आल्यावर उशिराने केली. पाटा-वरवंटा पुजला, दिवा लावला. पोर पानावर उलटं झबलं घालून पडलं होतं. ना टिकली, ना काजळ, ना मनगट्या. तू बराच वेळ बघत राहिलीस. "कमर उघडी हाये त्याची," तू म्हणालीस. मी म्हटलं, "राहू दे." तू म्हणालीस, "दोरा तं मेल्यावर काढते, बाई. जित्या पोराच्या कमरेले दोरा नाही, असं कुठं पाह्यलं का तुमी?"

मी अंगावर पाणी घ्यायला गेले तेव्हा तू बांधलास. तोही उकळून, व्हॅसलिनमध्ये बुडवून. दुसऱ्या दिवशी झबलं वर केलं तर कमरेभोवती फोडांचं कडं होतं. पोर रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. मी कात्री गरम पाण्यातून काढली आणि दोरा कापला. दोऱ्याबरोबर जेवढं यायचं तेवढं आलं.

"तुले सांगितलं होतं नं?"

"ढिला बांधला होता, बाई," तू म्हणालीस. "बोट जात होतं मंदात."

तुझं ते बोट मला अजून दिसतं. तू ते वर धरून मला दाखवत होतीस.

कमरेची जखम चिघळली. परत नागपूर. ताप उतरला, परत चढला. डॉक्टरीणबाईंनी मला आणि सुधाकरला बाजूला घेऊन सांगितलं की दोरा नसता तरी याच्या घशातल्या आणि आतल्या जखमा थांबणाऱ्या नव्हत्या, अशा प्रकारातली पोरं फार काळ राहत नाहीत. घरी न्यायचं असेल तर न्या म्हणाल्या. तुला हे सुधाकरने सांगितलं. तू ऐकलं नाहीस. तुझ्या डोक्यात दोरा बसला तो बसला.

तो दुपारी गेला. तुझ्या घरी, पडवीत, पानावर. रंजना जागून जागून तिथेच भिंतीला टेकून झोपली होती. पान हललं नाही म्हणून तू जवळ गेलीस. मग तू जे केलंस ते मी कोणाला सांगितलं नाही. तू त्याला काखेत हात घालून उचललंस. सरळ उचललंस, जसं कोणतंही पोर उचलतात, आणि छातीशी धरलंस, घट्ट. त्याचं तोंड तुझ्या मानेत. पाठीवरून हात फिरवायला लागलीस, वरून खाली, वरून खाली.

"आता दुखत नाही त्याले," तू म्हणालीस.

दीड महिन्याचा झाला होता आणि त्याला असं कोणी धरलं नव्हतं. मी थोडा वेळ बघितलं. मग म्हटलं, "बस झालं. मलेही दे." तू दिलास. त्या दिवशी माझ्या हातांना तू कानस म्हणाली नाहीस. मग आपण रंजनाला उठवलं.

पुरुषांनी त्याला नेऊन पुरला. पान त्याच्यासोबतच गेलं. त्याचं नाव ठेवलं नव्हतं. बारसं बरं झाल्यावर करू असं ठरलं होतं.

उन्हाळ्यात मी सुधाकर-रंजनाला घेऊन पुन्हा नागपूरला गेले. पुढचं विचारायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा ओढून दाखवल्या. हे तुमचे आई-वडील. त्यांच्यापैकी एकात हे लपलेलं असणार. लपलेलं असलं तर माणसाला काही होत नाही. तुमच्यात आलं, तुमच्या भावात आलं. तुमच्याकडून मुलात, भावाकडून त्यांच्या मुलीत. दोघांचं लग्न झालं आणि दोन्हीकडचं बाळात एकत्र आलं. पुढच्या प्रत्येक बाळाला हा धोका आहे. पोटात असताना तपासता येतं. मी विचारलं, "अन् हिची आई?" त्या म्हणाल्या, "त्या बाहेरच्या घरातल्या ना? मग बहुतेक त्यांचा यात काही भाग नाही."

मी बस लाखनीलाच सोडली. तुला लवकर सांगायचं होतं. तू भुईला पोतेरं घालत होतीस. मी चप्पल न काढताच म्हटलं, "फुला, आयक. पोरगा दोऱ्यानं नाही गेला. आमच्या रक्तानं गेला. माह्या अन् दामूच्या. तुहा त्यात काहीच संबंध नाही."

मला वाटलं तू रडशील, मोकळी होशील. तू पोतेरं खाली ठेवलंस.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मंग मी कोन, बाई?" तू म्हणालीस. "या घरात तीस वर्षं झाले मले. पोरगी माह्या पोटची. नातू माह्या हातावर गेला. अन् त्याच्या मरनातही माहा हिस्सा नाही म्हनता? म्हनजे मी आतापन बाहेरचीच?"

मी म्हटलं, तसं नाही, डॉक्टरीन म्हणते ते सांगून राहिली. तू म्हणालीस, "ते शिकेल आहे. तिले रेघा समजतात. तो दोरा मीच बांधला होता. ते माहं हाये. ते तरी राहू द्या." आणि परत पोतेरं घ्यायला लागलीस. मला चहा विचारला नाहीस. तुझ्या घरी असं पहिल्यांदा झालं.

मी चूक बोलले असं आजही म्हणणार नाही. खरं होतं ते बोलले. पण खरं ऐकून माणूस हलकं होतं असं जे म्हणतात ते मी तुझ्यापुरतं खोटं ठरलेलं बघितलं.

त्या पावसाळ्यात तू माझ्याकडे आलीस आणि जाताना केळीच्या बेटातलं एक पिल्लू मुळासकट काढून पिशवीत घातलंस. मी म्हटलं, "कायले नेते? फळ धरत नाही म्हनत होती नं?" तू म्हणालीस, "माह्या घरी धरल." मला वाटलं, चला, टोमणा मारते आहे म्हणजे बरी आहे.

मग मागच्या वर्षी तू वैशालीचं काढलंस. तुझी धाकटी, आणि माझा धाकटा मनोज. मनोजचं वय तिशीच्या पुढे गेलं. शेतीवाल्या पोराला आता पोरगी कोणी देत नाही हे काय तुला सांगायला हवं? आम्ही किती घरी जाऊन चहा पिऊन आलो. आणि तू माझ्या दारात बसून म्हणतेस, वैशालीला घ्या. माझ्या पोराचं घर बसत होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "दोघायचं रक्त तपासू. दोघांतल्या एकात नसन तं आजच सुपारी फोडू."

तू ताडकन उठलीस. "पोरीचं रक्त काढून पाहू? म्हैस आहे का ते? अन् निघालं तं? गावात समजल्यावर तिले कोन करन मंग? जलमभर घरी बसवू?"

"अन् न तपासता केलं, अन् तसंच पोट्टं झालं तं?"

तू खाली बसलीस. आवाज खाली आला. "बाई, तवा आपल्याले येत नव्हतं. आता येते. कसं उचलायचं, कसं निजवायचं, कसं पाजायचं. या टायमाले मी दोरा बांधनार नाही. शपथ. तुमी पानं उकळा, मी पोराले पाहतो. आपुन दोघी मिळून त्याले जगवू."

फुला, मी चांगलं ओळखलं तू काय मागत होतीस. तुला जावई नको होता. तुला तोच पोरगा परत हवा होता, एकदा आणखी, दोरा न बांधता.

मी म्हटलं, "जगवाले पोट्टं लागते म्हनून आनायचं का? त्यानं सोसायचं अन् आपुन शिकायचं? नाही. तपासनी नाही तं लगन नाही."

तू जाताना मनोजकडे बघून म्हणालीस, "तुह्या मायनं तुले सडा ठेवला रे बाबा." मनोज माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. तू तर नंतर आलीच नाहीस. लकव्याने तुझी वाचा गेली तेव्हा मी भेटायला आले. तुझा एक हात चालत होता, मान वळत होती. तू मान भिंतीकडे वळवलीस. मी बसले. पायाला तेल लावलं. माझे हात टोचत असतील, पण पाय ओढून घ्यायची ताकद तुला नव्हती. असंच दोन-तीनदा झालं. मग तू गेलीस.

तर दहाव्याचं.

दामूने हात जोडून सगळं कबूल केलं. शेताला नीट बघू, रंजनाला अंतर देणार नाही, वैशालीचं लग्न थाटात करू. कावळा नाही. रामाजी म्हणाला, "तिचा जीव त्याच लग्नात हाये. बाई, तुमी म्हना का पोरीले पदरात घेतो. मेल्या मानसाले कायले तरसवता?" दामू माझ्याकडे बघत होता. लहानपणी पडला की बघायचा तसा. मनोज माझ्या मागे उभा होता. रंजना आणि सुधाकर एकमेकांपासून हातभर लांब उभे होते. ते घरीही तसेच राहतात, फुला. मूल नको म्हणतात, तपासणीलाही जात नाहीत. वैशाली पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

नुसतं हो म्हणायचं होतं. नदीवर हो म्हणून लोक घरी विसरतात. पण तुला खोटं सांगायला मला जमलं नाही. तू असताना सांगितलं नाही, तर आता कशाला.

मी पिंडासमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "फुला, वैशालीले मी तपासल्याबिगर सून करनार नाही. तुहा जीव अडकला असन तं अडकू दे. पन एक आयक. रक्त आमचं होतं, ते खरं हाये. पोट्टा मात्र तुहा होता. सगळ्यात जास्त तुहाच होता. त्यात तुहा हिस्सा पुरा हाये, कोनी काढनार नाही."

कावळा आला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी काठावर कावळेच नव्हते. पुलाच्या पलीकडे कोंबडीच्या दुकानाची घाण टाकतात, सगळे तिकडे होते. ऊन फार झालं तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक पांगले. रामाजी जाताना म्हणाला, "दगड हाये ही बाई." असेल.

तेरवीच्या दिवशी तुझ्यासाठी पान मांडायचं होतं. बाकी लोकांना पत्रावळी होत्या. मी म्हटलं, तिच्या नैवेद्याला केळीचं पान हवं. न्हाणीमागे तू लावलेली केळ आता छपराच्या वर गेली आहे. मी विळा घेऊन गेले, वैशाली मागून आली. केळीला घड आहे, फुला. भरलेला, मोठा. तू जिंकलीस.

मी पानाला हात घातला तर वैशाली म्हणाली, "आत्या, आई कोनालेच पान कापू देत नव्हती. सणालेही नाही. पावने जेवाले येनार होते तवा बाबांनी एक कापलं, तं दिवसभर भांडली. म्हने, ठेवा. ताईले नाही तं वैशूले, कोनाचं तरी बाळ येईन तवा लागतीन."

मी विळा खाली केला. पिशवीत पिल्लू घालताना तू म्हणाली होतीस, माझ्या घरी धरेल. मी त्याला टोमणा समजले होते.

"अन् तुले काय वाटते?" मी वैशालीला विचारलं. तिला हे कोणीतरी विचारायला हवंच होतं.

"रक्त द्याले मले भेव नाही, आत्या," ती म्हणाली. "आईले होतं."

मी मधलं, न फाटलेलं पान बघून कापलं. घरात आणलं आणि सवयीने मोठा गंज शोधायला लागले. गंज फळीवर होता, खाली काढला, पाणी ओतणार तेवढ्यात लक्षात आलं.

गंज परत वर ठेवला. पान गार पाण्याने धुतलं, पुसलं आणि तुझ्यापुढे मांडलं. या वेळी उकळायचं नव्हतं.